भूमिपूजनानंतरचे पुणे

पुण्याची मंडई १८८६ मध्ये उभी राहिली आणि तेव्हाच्या गव्हर्नरच्या नावाने रे मार्केट म्हणून ओळखली जाऊ लागली. तिच्यावर पैसा घालायला नगरपालिकेत ज्यांनी विरोध केला, त्यांत जोतीराव फुले होते. फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. शिवाय ते स्वतः बांधकामाचे ठेकेदार होते. दगड, चुना आणि मजुरी यांचा हिशेब त्यांना सभागृहातल्या कुणाहीपेक्षा जास्त कळत असणार. तेव्हा इमारतींचे वावडे असलेल्या माणसाचा हा विरोध नव्हता. एवढा पैसा आहे तर तो आधी गरिबांच्या मुलांच्या शिक्षणावर घाला, असे त्यांचे म्हणणे होते. १८८० च्या सुमारास व्हाइसरॉयच्या स्वागतासाठी शहर सजवायला हजार रुपये मंजूर करायचा विषय आला, तेव्हाही त्यांनी एकट्याने विरोधी मत नोंदवले. मंडई अर्थातच झाली. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत गेले आणि त्यांच्या पुढाकाराने त्याच इमारतीला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले. अत्र्यांची विनोदबुद्धी सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे, पण हा विनोद त्यांनी ठरवून केला असेल असे वाटत नाही.

मंडईच्या बाबतीत फुले चुकले, असे आज म्हणता येईल. जवळपास १४० वर्षे ती चालू आहे. पण ती का चालू आहे तेही पाहायला हवे. तिथे गाळेधारक होता, रोज माल येत होता, रोज गिऱ्हाईक येत होते. कुणी वापरायचे, हा प्रश्न तिथे बांधण्याआधीच सुटला होता. गेल्या काही दशकांत पुणे महापालिकेने जी नाट्यगृहे, कलादालने, समाजमंदिरे, विरंगुळा केंद्रे, अभ्यासिका आणि स्मारके बांधली किंवा बांधायला काढली, त्यांतल्या फार थोड्यांविषयी असे म्हणता येते. निवडून आलेले सभागृह जवळपास चार वर्षे नसताना जानेवारी २०२६ च्या निवडणुकीनंतर पुण्याला पुन्हा १६५ नगरसेवक मिळाले आहेत. नवे सभागृह म्हटले की नव्या वास्तूंची यादी आलीच. म्हणून आधीच्या यादीचे काय झाले ते एकदा नीट पाहावे.

सुरुवात कायद्यापासून. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ चा आहे. पालिकेची कामे त्यात दोन गटांत आहेत. पाणी, सांडपाणी, रस्ते, दिवे, प्राथमिक शिक्षण ही बंधनकारक. वाचनालये, संग्रहालये, नाट्यगृहे अशी कामे ऐच्छिक. ऐच्छिक म्हणजे पैसा उरला आणि इच्छा झाली तर. आपल्याकडे पैसा कमी पडला असे झालेले नाही. २०२५-२६ साठी आयुक्तांनी मांडलेले अंदाजपत्रक १२,६१८ कोटी रुपयांचे होते. अडचण इच्छेची आहे. इमारत बांधायची इच्छा भरपूर. ती चालवायला माणूस नेमायची, त्याला प्रशिक्षण द्यायची, पंधरा वर्षांनी तिची वातानुकूलन यंत्रणा बदलायची इच्छा मात्र कुणाच्याच जाहीरनाम्यात नसते. भूमिपूजनाला कोनशिला असते. दुरुस्तीला कोनशिला बसवायची पद्धत नाही.

खरे तर पुण्याचे सांस्कृतिक आयुष्य पालिकेने उभे केलेले नाही. ‘संगीत शाकुंतल’चा पहिला प्रयोग १८८० मध्ये पुण्यात आनंदोद्भव नाट्यगृहात झाला. ते नाट्यगृह खासगी होते. वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केली. पुणे नगर वाचन मंदिराची मुळे १८४८ पर्यंत जातात. साहित्य परिषद १९०६ ची. भरत नाट्य मंदिर, टिळक स्मारक मंदिर, एस. एम. जोशी सभागृह ही सगळी संस्थांची आणि विश्वस्त मंडळांची घरे. पुरुषोत्तम करंडकासाठी महाविद्यालयीन मुले दरवर्षी भरतच्या दारात गर्दी करतात, ती स्पर्धा महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून चालवते. सवाई गंधर्व महोत्सव वर्षानुवर्षे रमणबागेच्या शाळेच्या मैदानावर मांडव घालून झाला आणि २०१८ पासून मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर होतो. सांस्कृतिक राजधानी म्हणवणाऱ्या शहराचा सर्वांत मोठा संगीत महोत्सव आजही उसन्या मैदानावर, कापडाखाली होतो आणि त्याचे कुणाला फारसे काही वाटत नाही. बहुधा बरोबरच आहे. मांडव डिसेंबरात उठतो. त्याच्या देखभालीसाठी निविदा काढावी लागत नाही.

या सगळ्यात पालिकेने एकदा मात्र खरोखर मोठे काम केले. ते म्हणजे बालगंधर्व रंगमंदिर.

पानशेतचे धरण १२ जुलै १९६१ ला फुटले. पेठांचा नदीकाठ उद्ध्वस्त झाला. त्यानंतर सव्वा वर्षाने, ८ ऑक्टोबर १९६२ रोजी, त्याच नदीच्या काठी जंगली महाराज रस्त्यावर नाट्यगृहाची कोनशिला बसली. बसवली ती खुद्द बालगंधर्वांनी. घरे आणि पूल सावरत असलेल्या शहरात नाटकासाठी एवढा खर्च काढणे सोपे नव्हते. बालगंधर्व १५ जुलै १९६७ ला गेले. २६ जून १९६८ ला, त्यांच्या जयंतीच्या दिवशी, नाट्यगृह खुले झाले ते त्यांच्या माघारी. पण या इमारतीची खरी गोष्ट बांधकामाच्या काळातली आहे. पु. ल. देशपांडे या कामात मनापासून गुंतले होते. रंगमंच केवढा हवा, विंगा केवढ्या, नटांना बसायला जागा कुठे, शेवटच्या रांगेतल्या माणसाला आवाज कसा पोचेल, हे सांगणारा माणूस रंगमंचावर उभा राहिलेला होता. सुमारे हजार आसनांचे नाट्यगृह, शेजारी कलादालन, बाहेर मोकळे आवार आणि तिथे चहा घेत उभी राहणारी रंगकर्मी मंडळी. हे सगळे एका जागी आले आणि नंतरच्या पन्नास वर्षांत मराठी नाटकाचा पुण्यातला पत्ता ठरून गेला. ‘आज बालगंधर्वला आहे’ एवढे म्हटले की पुरे.

तेव्हाचे पुणे केवढे होते ते लक्षात घ्यायला हवे. १९७१ च्या जनगणनेत पालिका हद्दीतली लोकसंख्या साडेआठ लाखांच्या आसपास होती. सायकलवर बसले की अर्ध्या तासात कुणीही बालगंधर्वला पोचत होते. २०११ मध्ये हाच आकडा ३१ लाखांवर गेला आणि त्यानंतर हद्दही वाढली. नव्या हद्दीतल्या वाघोलीहून रात्री साडेनऊच्या प्रयोगाला येणारे कुटुंब तिसऱ्या घंटेला पोचेलही. प्रश्न मध्यरात्री परत जायचा आहे.

२०१८ मध्ये नाट्यगृहाला पन्नास वर्षे झाली. त्याच वर्षीच्या पालिका अंदाजपत्रकात बालगंधर्वच्या पुनर्विकासाची कल्पना आली. पाडायचे आणि त्या जागी मोठे संकुल बांधायचे. रंगकर्मी खवळले. पुढे आराखडे मागवले गेले, एका संकुलात तीन नाट्यगृहे अशी चित्रे सादर झाली, बैठका झाल्या, आणि विषय दर काही महिन्यांनी डोके वर काढून पुन्हा खाली गेला. वाहनतळ अपुरा आहे, स्वच्छतागृहे खराब आहेत, यंत्रणा जुनी झाली आहे, या पालिकेच्या बाजूच्या तक्रारी खऱ्याच आहेत. पण स्वच्छतागृह खराब आहे म्हणून घर पाडा, असे सांगणाऱ्या घरमालकाच्या मनात दुसरे काही नाही ना, असा संशय भाडेकरूला येणारच. माझे मत सांगायचे तर इमारत राखावी, आतली यंत्रणा मुळापासून बदलावी, आणि त्यासाठी नाट्यगृह किती महिने बंद राहील ते आधी छापून सांगावे. आता जवळच संभाजी उद्यानाचे मेट्रो स्थानक झाले आहे. निदान गाड्या लावायच्या गरजेचा हिशेब तरी त्या उजेडात नव्याने मांडायला हवा.

बालगंधर्वनंतर पालिकेने नाट्यगृहे बांधली नाहीत असे नाही. कोथरूडला यशवंतराव चव्हाण, पद्मावतीला अण्णा भाऊ साठे, औंधला पंडित भीमसेन जोशी कलामंदिर, भवानी पेठेच्या बाजूला सावित्रीबाई फुले सांस्कृतिक भवन, स्वारगेटला गणेश कला क्रीडा मंच, हडपसरला विठ्ठल तुपे पाटील. यांतले कोथरूडचे चालले, कारण तिथे नाटक पाहणारी वस्ती आधीच राहायला गेली होती. बाकीच्यांची कथा साधारण एकसारखी. इमारत भव्य, आसने भरपूर, आणि वर्षातले पुष्कळ दिवस शाळांची स्नेहसंमेलने, पक्षांचे मेळावे, सत्कार आणि बक्षीस समारंभ. यात गैर काही नाही. हडपसरच्या शाळेतल्या मुलीने खऱ्या रंगमंचावर पहिल्यांदा नाचावे, यासाठी नाट्यगृह बांधले तरी पैसे वसूल झाले. पण मग ते तसे ठरवून बांधावे. व्यावसायिक नाटकाच्या नावाने प्रचंड रंगमंच बांधायचा, त्यावर नेपथ्याचा टेम्पो नीट लागत नाही, ध्वनी घुमतो, आणि प्रकाशयोजनेचे सामान निर्मात्याने बाहेरून आणायचे, हा प्रकार कुणाच्याच कामाचा नाही.

तारखांचे राजकारण हा वेगळाच विषय आहे. शनिवार-रविवारची सकाळ, दुपार, रात्र अशी सत्रे मोजकी. त्यांच्यासाठी नाटकवाले, लावणीचे संच, ऑर्केस्ट्रा आणि संस्था रांगेत उभे. लावणीचे कार्यक्रम नाट्यगृह भरवतात, नाटकवाल्यांना वाटते आपल्या तारखा गेल्या, आणि मध्येच एखाद्या सरकारी कार्यक्रमासाठी ठरलेली तारीख काढून घेतली जाते. तारखा कशा वाटल्या, कुणाची रद्द झाली आणि का, हे दर तिमाहीला दारावर लावायला नवी इमारत लागत नाही. दोन कागद आणि चार टाचण्या लागतात.

पालिकेचे नाट्यगृह चालवतो कोण? कागदावर व्यवस्थापक असतो. तो पालिकेचा कर्मचारी. काल मिळकतकर विभागात होता, उद्या पाणीपुरवठ्यात जाईल. स्वच्छता एका ठेकेदाराकडे, सुरक्षा दुसऱ्याकडे, वातानुकूलन तिसऱ्याकडे, विद्युत विभाग चौथा. प्रयोगाच्या मध्ये एसी बंद पडला तर नटाने कुणाला शोधायचे, हे त्या नटालाही माहीत नसते आणि व्यवस्थापकालाही. यात त्या व्यवस्थापकाचा दोष काढण्यात अर्थ नाही. नाट्यगृह चालवणे हा व्यवसाय आहे, त्याचे शिक्षण असते, हे पालिकेच्या आकृतिबंधात कुठे बसतच नाही.

बंगळुरूत २००४ मध्ये रंगशंकरा सुरू झाले. जागा सरकारकडून मिळालेली, उभारणी आणि कारभार अरुंधती नाग यांच्या पुढाकारातल्या विश्वस्त संस्थेचा. आसने बालगंधर्वच्या निम्म्याहूनही कमी. प्रयोग वेळेवर सुरू होतो आणि उशिरा येणाऱ्याला आत घेत नाहीत, मग तो कुणीही असो. सोमवार सोडला तर जवळजवळ रोज नाटक, भाडे हौशी संस्थेला परवडेल असे. त्या शहराला अभिमान वाटतो तो याचा. इमारत तशी साधी आहे. पुण्यातही हे जमणारी माणसे आहेत. शनिवार पेठेतला सुदर्शन रंगमंच आणि एरंडवण्यातला द बॉक्स या लहान जागा पालिकेच्या मदतीवाचून प्रायोगिक नाटक जगवतात. दीडशे-दोनशे आसनांची, काळ्या भिंतींची, हलवता येणाऱ्या खुर्च्यांची जागा हीच आज पुण्यातल्या तरुण रंगकर्मींची खरी मागणी आहे. पालिका मात्र हजाराच्या खाली विचार करायला तयार नसते. दीडशे आसनांच्या उद्‌घाटनाला मुख्यमंत्री कसे बोलावणार?

देखभालीची किंमत काय असते ते कोल्हापूरने दाखवले. राजर्षी शाहूंनी बांधलेले, शंभर वर्षे ओलांडलेले केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. लोक रडले, आणि पुनर्बांधणीची घोषणा तातडीने झाली. आपल्याकडे घोषणा अशीच तातडीने होते. वायरिंगची तपासणी तशी होत नाही. पुण्यातल्या प्रत्येक पालिका नाट्यगृहाची अग्निसुरक्षा तपासणी कधी झाली, हे त्या नाट्यगृहाच्या दारावर लिहिलेले असावे, ही मागणी कुणाही नव्या नगरसेवकाने पहिल्या सभेत करावी. निधी लागणार नाही.

उद्यानांबाबत मात्र पालिकेला दाद दिली पाहिजे. सारसबाग, कात्रजचे प्राणिसंग्रहालय, सिंहगड रस्त्यावरचे ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून बेतलेले पु. ल. देशपांडे उद्यान. ही ठिकाणे गजबजलेली असतात आणि बऱ्यापैकी नीट असतात. कारण सरळ आहे. उद्यान विभाग हा स्वतंत्र विभाग आहे, माळी हे पद आहे, झाडाला पाणी घातले नाही तर आठवड्यात दिसते. नाट्यगृहाचा पडदा कुजायला दहा वर्षे लागतात.

आता प्रभागात उतरू. कुठल्याही प्रभागात एक समाजमंदिर, एक व्यायामशाळा, एक विरंगुळा केंद्र आणि एक अभ्यासिका सापडतेच. यांतल्या कितीतरी वास्तू नगरसेवकांच्या ‘स’ यादीतून आल्या. ‘स’ यादी म्हणजे प्रत्येक नगरसेवकाच्या नावावर टाकलेला विकासनिधी. त्यातून तो आपल्या भागात काम सुचवतो. ही पद्धत एकदम वाईट म्हणता येणार नाही. ज्येष्ठांना बसायला जागा हवी हे नगरसेवकालाच कळते, आयुक्तांना नाही. पण दोन लांब ओट्यांवर पत्र्याचे छप्पर घालून विरंगुळा केंद्र झाले, पाटीवर नाव झळकले, आणि पुढे त्याची किल्ली कुणाकडे? पुष्कळदा ती मंडळाकडे किंवा कार्यकर्त्याकडे असते. महापालिकेने २००८ मध्ये मिळकत वाटप नियमावली केली ती या किल्ल्यांसाठीच. कुणाला, किती मुदतीने, किती भाड्याने द्यायचे ते तिच्यात आहे. नियम आहेत, अंमल मात्र ज्याच्या त्याच्या वजनाप्रमाणे.

अभ्यासिकांची गोष्ट वेगळी आहे. स्पर्धा परीक्षेच्या मुलांनी सदाशिव आणि नवी पेठेचा परिसर भरून गेला. खोल्यांमध्ये चार-चार जण, आणि अभ्यासाला जागा नाही. पालिकेने आणि नगरसेवकांनी उघडलेल्या अभ्यासिका सकाळपासून भरतात. पुण्यातली सर्वांत जास्त वापरली जाणारी सांस्कृतिक सुविधा कोणती, असे मला विचारले तर मी नाट्यगृहाचे नाव घेणार नाही. टेबल, दिवा, पंखा आणि रात्री उशिरापर्यंत उघडे दार, एवढी साधी ती सोय आहे. विदर्भ-मराठवाड्यातून आलेल्या मुलाला पुण्याचे नागरिकत्व तिथे मिळते. आणि अशा जागेत पुस्तके मात्र त्याची त्यालाच आणावी लागतात.

कारण शहराची म्हणावी अशी सार्वजनिक वाचनालयांची साखळी पुण्यात नाही. इथे दोष एकट्या महापालिकेचा नाही, कायद्याचा आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा. त्यात ग्रंथालयांसाठी स्थानिक उपकराची तरतूद नाही. कर्नाटकात मालमत्ता करावर सहा टक्के ग्रंथालय उपकर आहे, आणि बंगळुरूच्या वसाहतींमध्ये सरकारी वाचनालयांचे जाळे त्यावर उभे राहिले. तिथली वाचनालये काही आदर्श नाहीत, उपकराची थकबाकी हाही तिथला नेहमीचा वाद आहे. पण वाद घालायला निदान हक्काचा पैसा आहे. पुणेकर आपल्या मिळकतकराच्या बिलात वृक्ष उपकर भरतो, अग्निशमनाचा भरतो. पुस्तकासाठी काही भरत नाही, आणि म्हणून काही मागूही शकत नाही. नगर वाचन मंदिर आणि मराठी ग्रंथालय ही पावणेदोनशे आणि शंभरावर वर्षांची घराणी वर्गणी आणि अनुदानावर तग धरून आहेत, त्यांच्या शाखा मांजरीला उघडायची ताकद त्यांच्यात नाही. बारा हजार कोटींचे अंदाजपत्रक असलेल्या शहरात ही ताकद महापालिकेनेच द्यावी, याला दुसरे उत्तर नाही.

स्मारकांचे काय? येथे थोडे थांबायला हवे.

बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात फुले दांपत्याने १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली. दगडूशेठ गणपतीच्या समोर, शहरातल्या सर्वांत गजबजलेल्या रस्त्यावर. त्या जागी राष्ट्रीय स्मारक करायचा विषय पालिकेत २००६ मध्ये आला. जागेत दुकाने होती, भाडेकरू होते. मामला कोर्टात गेला आणि वर्षानुवर्षे तिथेच राहिला. दर ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, पुढारी यायचे, हार घालायचे, आश्वासन द्यायचे. अखेर ऑक्टोबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने आणि पुढच्या महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने पालिकेच्या बाजूने निकाल दिला. ४ डिसेंबरच्या रात्री पोलीस बंदोबस्तात वाडा पाडण्यात आला. सप्टेंबर २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते, दूरदृश्य प्रणालीद्वारे, स्मारकाची पायाभरणी झाली. सतरा-अठरा वर्षांत जागा मिळाली, आणि मिळाली तेव्हा शाळेची मूळ भिंत उरली नव्हती.

आता तिथे काय होणार, हा खरा विषय. पुतळा, शिल्पे, ध्वनिप्रकाश, दृकश्राव्य दालन यांची यादी सगळ्यांना तोंडपाठ आहे. मला वाटते तिथे एक वर्ग भरावा. रोज. पेठेत धुणीभांडी करणाऱ्या बायकांच्या मुलींचा, संध्याकाळी, पालिकेच्या पगारी शिक्षिकेसह. मंडईला विरोध करणाऱ्या माणसाचे म्हणणे काय होते ते आठवले तर याहून वेगळे काही सुचायला नको.

कवी ग. दि. माडगूळकर ऊर्फ गदिमा यांच्या स्मारकाचीही अशीच रखडपट्टी. ते १९७७ मध्ये गेले. त्यांच्या गीतरामायणाने पुण्याचे नाव घरोघर नेले, पण त्यांच्या स्मारकासाठी २०२० मध्ये साहित्यप्रेमींना आंदोलन करावे लागले, तेव्हा कुठे कोथरूडच्या जागेचा विषय हलला. मधल्या काळात निगडीला पिंपरी-चिंचवड पालिकेने गदिमांच्या नावाचे नाट्यगृह उभारून खुलेही केले. शेजारची पालिका आपल्यापेक्षा नंतर जन्मलेली आहे, हे सांगून समाधान करून घ्यायचे दिवस गेले. कोथरूडच्याच जुन्या कचरा डेपोच्या जागेवर शिवाजी महाराजांच्या इतिहासाची शिवसृष्टी करायची असा ठराव होता. त्याच जागेवर मेट्रोला डेपो हवा होता. २०१८ मध्ये तोडगा निघाला, डेपो कोथरूडला आणि शिवसृष्टी चांदणी चौकाजवळ जैवविविधता उद्यानाच्या आरक्षणात. डेपो झाला, मेट्रोही धावू लागली. बाबासाहेब पुरंदऱ्यांच्या संस्थेने आंबेगावला केलेल्या शिवसृष्टीचा पहिला टप्पा फेब्रुवारी २०२३ मध्ये खुला झाला. पालिकेची मात्र अजून कागदावरच असल्याचे ऐकू येते. संस्था जे करते ते पालिकेला का जमत नाही, याचे एक कारण साधे आहे: संस्थेचा अध्यक्ष दर वर्षी बदलत नाही.

या सगळ्याच्या तळाशी जमीन आहे. पुण्याचा विकास आराखडा १९८७ मध्ये मंजूर झाला. त्यात बागा, शाळा, खेळाची मैदाने, सांस्कृतिक केंद्रे अशी आरक्षणे रंगवून ठेवली. नंतरचा आराखडा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा हरकती आणि सूचना सुमारे ८७ हजार आल्या. गोंधळ एवढा वाढला की २०१५ मध्ये राज्य सरकारने तो स्वतःकडे घेतला आणि २०१७ च्या जानेवारीत मंजूर केला. नगररचना कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे आरक्षित जमीन दहा वर्षांत संपादित झाली नाही, तर मालक नोटीस देऊन ती सोडवून घेऊ शकतो. म्हणजे नकाशावरचे सांस्कृतिक केंद्र हे आश्वासन आहे, आणि त्याची मुदत चालू आहे. ज्या आरक्षणांची दहा वर्षे भरत आहेत, त्यांची यादी नव्या सभागृहाने पहिल्याच महिन्यात मागवायला हवी.

आरक्षणांखेरीज दुसरी जमीन ‘अॅमेनिटी स्पेस’ची. मोठ्या भूखंडावर बांधकाम करताना विकसकाने सार्वजनिक सोयींसाठी सोडायचा तुकडा. पुण्यात हे प्रमाण १५ टक्क्यांपर्यंत होते. डिसेंबर २०२० च्या एकत्रित नियमावलीने दोन हेक्टरपर्यंतच्या भूखंडांना यातून मोकळे केले आणि पुढे ५ टक्क्यांवर आणले. वर २०२१ मध्ये पालिकेने हाती आलेल्या अशा जागा दीर्घ मुदतीने भाड्याने द्यायचा घाट घातला. नागरिक संघटना रस्त्यावर उतरल्या. बाजू दोन्हीकडून मांडता येते. पालिकेला पैसा हवा, आणि पडून राहिलेल्या जागेवर झोपडी किंवा राडारोडा येतो. पण बाणेर-बालेवाडीत जिथे चौरस फुटाचा भाव ऐकून सामान्य माणूस गप्प होतो, तिथे वाचनालयाला जागा पुन्हा कधी मिळणार? भाड्याने दिलेली जागा तीस वर्षांनी परत येते, असे कागद म्हणतो. तीस वर्षांत शाळेत जाणारी दोन पिढ्यांची मुले मोठी होऊन जातात.

आणि सर्वांत मोठी जमीन समाविष्ट गावांची. २०१७ मध्ये ११ आणि जून २०२१ मध्ये २३ गावे पालिकेत आली आणि पुणे क्षेत्रफळाने राज्यातली सर्वांत मोठी महापालिका झाली. त्यातली फुरसुंगी आणि उरुळी देवाची नंतर बाहेर पडली, त्यांची वेगळी नगर परिषद झाली. इकडे कर वाढतो आणि नळाला पाणी टँकरचे, हे तिथल्या लोकांचे गाऱ्हाणे होते. या गावांना ग्रामपंचायतीच्या काळात निदान पार होता, देवळाचा सभामंडप होता, यात्रेत तमाशाचा फड लागत होता. आता पारावर पार्किंग आहे आणि फडाच्या जागेवर बारा मजले. धायरी, नऱ्हे, सूस, म्हाळुंगे, वाघोली. इथे राहायला आलेली तरुण कुटुंबे नाटक बघायला कधीतरी बालगंधर्वला जातात आणि बाकी वेळ सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये गणपती बसवतात. २३ गावांचे नियोजन २०२१ मध्ये सरकारने पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे (पीएमआरडीए) दिले, रस्ते आणि कचरा मात्र पालिकेकडे. सांस्कृतिक सुविधा या दोघांच्या मधल्या फटीत.

तिथे बालगंधर्वची प्रतिकृती कुणी उभारू नये. प्रत्येक चार-पाच गावांमागे दोनशे आसनांचे एक सभागृह, त्याला लागून वाचनालय आणि अभ्यासिका, बाहेर शे-दोनशे माणसे बसतील असे उघडे पटांगण. एका इमारतीत, एका किल्लीवर, एका पूर्णवेळ नेमलेल्या माणसाच्या जबाबदारीवर. शाळा सुटल्यावर मुलांना, दुपारी ज्येष्ठांना, संध्याकाळी नाटकवाल्यांना, रात्री अभ्यास करणाऱ्यांना. त्या माणसाचा पगार आणि वीजबिल यांची तरतूद बांधकामाच्या निविदेसोबतच मंजूर व्हावी, नंतर नव्हे. जून २०१८ मध्ये पालिकेच्या नव्या विस्तारित इमारतीचे उद्‌घाटन उपराष्ट्रपतींच्या हस्ते झाले तेव्हा नव्या सभागृहाचे छत गळले होते, बाहेर पाऊस पडत होता. वाघोलीच्या सभागृहाचे उद्‌घाटन त्यामुळे पावसाळ्यातच ठेवावे. ठेकेदाराचे शेवटचे बिल त्यानंतर.